पंढरपुरी म्हशीचा क्लोन : काय मिळेल आणि कोणाच्या जिवावर

कोल्हापूर जिल्ह्यातील एका दूध उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या गोठ्यात एक पंढरपुरी म्हैस आहे. आठ वेते झाली, ऐन भरात असताना आळीत तिच्याएवढे दूध कोणाच्याच म्हशीला नव्हते, आणि गेली दोन वर्षे ती गाभण राहत नाही. आठांपैकी सहा टोणगे झाले, दोन पारड्या. त्यांतली एक दगावली, एक गोठ्यात आहे. हरियाणातील कर्नालला म्हशींचे क्लोन, म्हणजे त्याच जनुकांच्या प्रती, करतात असे त्यांनी वाचले आहे, तेव्हा या म्हशीचा क्लोन करून मिळेल का आणि तो तिच्याइतकेच दूध देईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने खाली आणखी दोन प्रश्न जोडले आहेत : जनावराचा क्लोन करणे योग्य आहे का, आणि जनावरात चालत असेल तर माणसात बंदी कशासाठी?

मी पशुवैद्यक आहे आणि गेली सत्तावीस वर्षे गाई-म्हशींच्या भ्रूणांवर काम करतो. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कृत्रिम रेतनाची कांडी मागवावी तसा म्हशीचा क्लोन मागवता येत नाही. आपल्याकडे हे काम संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांतच चालते. पण केवळ सोय नाही म्हणून नको, असे माझे म्हणणे नाही. उद्या सोय झाली तरी तुमच्या म्हशीसाठी मी क्लोनचा सल्ला देणार नाही. तो का, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत नेमके काय होते ते जवळून पाहावे लागेल.

मुंबईत शिकत असताना आम्ही देवनारच्या कत्तलखान्यातून म्हशींचे अंडाशय कोमट सलाईन भरलेल्या थर्मासमध्ये घेऊन येत असू. त्यांतून सुईने बीजांडे ओढायची. म्हशीच्या एका अंडाशयातून कामाचे बीजांड अनेकदा एखाद-दुसरेच निघते; गाईच्या मानाने म्हैस या बाबतीत फार कंजूष आहे. ही बीजांडे 38.5 अंश तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये जवळपास एक दिवस पक्व करायची. मग एका विकराने त्यांचे बाहेरचे कवच विरघळवायचे. कवच गेलेले बीजांड मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढे असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते एका बाजूला किंचित फुगलेले दिसते. गुणसूत्रे त्या फुगवट्यापाशी असतात. हातातल्या बारीक पात्याने तेवढा भाग कापून टाकायचा, म्हणजे मागे उरते ते केंद्रक नसलेले पेशीद्रव. ज्या म्हशीचा क्लोन हवा, तिच्या कानाच्या कातडीतून वाढवलेली एक पेशी या पेशीद्रवाला चिकटवायची, असाच आणखी एक केंद्रकहीन तुकडा तिच्याजवळ आणायचा आणि विजेच्या क्षणभराच्या झटक्याने तिन्ही एकजीव करायचे. त्यानंतर रसायनांनी त्या पेशीची अशी समजूत करून द्यायची की आपले फलन झाले आहे. सात-आठ दिवस सगळे सुरळीत गेले तर डिशमध्ये भ्रूण दिसते आणि ते माजाचा काळ जुळवून ठेवलेल्या दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात सोडले जाते.

महागड्या यंत्राऐवजी हातातल्या पात्याने करायची ही पद्धत कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने म्हशीसाठी बसवली. 6 फेब्रुवारी 2009 रोजी तिथे जन्मलेले पहिले क्लोन रेडकू काही दिवसांतच न्यूमोनियाने गेले. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली 'गरिमा' दोन वर्षे जगली. 22 ऑगस्ट 2010 रोजी जन्मलेली 'गरिमा-2' मात्र मोठी झाली, नेहमीसारखी गाभण राहिली आणि जानेवारी 2013 मध्ये 'महिमा' या पारडीला व्याली. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत डिसेंबर 2015 मध्ये मुऱ्हा रेड्याचा क्लोन जन्माला आला. गाईंचा मार्ग आणखी अवघड, कारण गोवंशाची कत्तल बहुतेक राज्यांत निषिद्ध असल्याने अंडाशय आयते मिळत नाहीत. जिवंत गाईतून सोनोग्राफीच्या आधाराने बीजांडे ओढावी लागतात. 16 मार्च 2023 रोजी कर्नालला जन्मलेली गीर कालवड 'गंगा' या मार्गाने आली : पेशी गीर गाईच्या शेपटीची, बीजांड साहिवाल गाईचे आणि गर्भाशय तिसऱ्याच एका संकरित गाईचे. या सगळ्या कामाबद्दल मला आदर आहे. त्यातल्या कष्टांचा अंदाज मला या नोंदी वाचणाऱ्या बहुतेकांपेक्षा जास्त आहे.

तरीही जन्माला आलेल्या रेडकाचा फोटो पाहताना मी मनात आधी एक आकडा शोधतो : हे एक मिळवण्यासाठी किती घातले? स्कॉटलंडमधील रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये 5 जुलै 1996 रोजी जन्मलेली डॉली मेंढी सर्वांना माहीत असते. इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी 277 बीजांडांशी जोडल्या होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांतून 29 भ्रूणे बनली, ती 13 मेंढ्यांत सोडली आणि एक कोकरू जिवंत जन्मले. विल्मट यांनी हा आकडा लपवला नाही, शोधनिबंधातच दिला, आणि मला त्यांची ही गोष्ट डॉलीइतकीच मोठी वाटते. त्यानंतरच्या काळात हात सुधारले, द्रावणे सुधारली, तरी बनवलेल्या भ्रूणांच्या मानाने जिवंत व धडधाकट पिलांचे प्रमाण बहुतेक जातींत शेकडा थोडक्यावरच राहिले आहे.

इतकी हानी का होते, याचे कारण हाताच्या कौशल्यात कमी आणि पेशीच्या स्वभावात जास्त आहे. कानाच्या कातडीतील पेशीतही सगळीच्या सगळी जनुके असतात; पण एखाद्या जाड पोथीत कातडीचा अध्याय तेवढा मोरपीस घालून उघडा ठेवावा आणि बाकीचे अध्याय दोऱ्याने करकचून बांधून टाकावेत, तशी तिची स्थिती असते. हे दोरे म्हणजे जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणा. शुक्रपेशी आणि बीजांड तयार होताना या खुणा पुसून नव्याने मांडण्याचे काम शरीर बराच काळ घेऊन करते. क्लोनिंगमध्ये तेच काम आपण बीजांडातील पेशीद्रवाकडून काही तासांत उरकून घेऊ पाहतो. काही दोरे सुटतात, काही तसेच राहतात, काही नको तिथे सुटतात. यांपैकी वार, म्हणजे पोटातल्या गर्भाला पोसणारा अवयव, तयार करणाऱ्या जनुकांतले घोटाळे सर्वांत महागात पडतात. वार नीट रुजली नाही की पहिल्या काही महिन्यांत म्हैस गाभडते. ती बेढब वाढली की गर्भाभोवती पाणी साठत जाते. आणि पूर्ण दिवस भरलेच तर वासरू अवाढव्य निघते, किंवा फुप्फुसे अपुरी घेऊन येते.

एका प्रकल्पात मी काम करत होतो, त्या संस्थेचे नाव इथे गरजेचे नाही. दाई म्हणून, म्हणजे क्लोनचा गर्भ पोटात वाढवण्यासाठी, घेतलेल्या म्हशींपैकी एक आठव्या महिन्यात होती. पाठीमागून पाहिले तर तिचे पोट दोन्ही बाजूंनी पखालीसारखे फुगलेले दिसायचे. बसली की उठवायला चार माणसे लागत. आंबोण समोर ठेवले तर ती नुसते हुंगायची, कारण पाण्याच्या भाराने आतील पोटाला जागाच उरली नव्हती. आम्ही गर्भ काढायचा निर्णय घेतला, तो दोन दिवस उशिरा घेतला, आणि ती वाचली नाही. अहवालात तिच्यासाठी अर्धी ओळ आली. क्लोन जन्माला आला असता तर त्याचे बारसे झाले असते, पेढे वाटले गेले असते. तिला नाव नव्हते, कानात पिवळा बिल्ला होता. उशिराच्या त्या दोन दिवसांत माझेही मत होते की अजून थोडे थांबून पाहू. त्यामुळे हे लिहिताना मी कोणा दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही.

मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर इथून सुरू होते. क्लोनिंग योग्य की अयोग्य, ही चर्चा आपल्याकडे बहुधा निसर्गात ढवळाढवळ, देवाच्या कामात हात, अशा शब्दांत होते. मला ती चर्चा पुढे नेता येत नाही, कारण मग कृत्रिम रेतनही ढवळाढवळच आहे आणि ते आज खेडोपाडी होते. मला विचारण्याजोगा वाटणारा प्रश्न सोपा आणि कोरडा आहे : या कामात कोणाला किती त्रास झाला, त्याची नोंद कोण ठेवते, आणि ती छापली जाते का? वापरलेली बीजांडे, सोडलेली भ्रूणे, गाभडलेल्या दाया, जन्मतः मेलेली वासरे, महिन्याच्या आत मेलेली वासरे, आणि त्या दायांचे पुढे काय झाले, हे सर्व आकडे प्रत्येक क्लोनच्या बातमीसोबत दिले जावेत, अशी माझी भूमिका आहे. दुधा-मांसाच्या सुरक्षिततेवर वाद घालण्यात वेळ घालवू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 मध्येच क्लोन गाई, डुकरे आणि शेळ्यांचे पदार्थ नेहमीच्या पदार्थांइतकेच सुरक्षित ठरवले आहेत. खाणाऱ्याला धोका नाही हे खरे, पण वासरू पोटात वाढवणाऱ्या जनावराला किती धोका आहे हे त्यातून कळत नाही.

आता तिच्याइतकेच दूध देईल का, याविषयी. क्लोन म्हणजे वेगळ्या वेळी जन्मलेले जुळे भावंड, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा, आणि तोही पूर्ण खरा नाही. केंद्रकातील जनुके तुमच्या म्हशीची असली, तरी पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया आणि त्यांतील 37 जनुके जवळजवळ सगळी बीजांड देणाऱ्या अनोळखी म्हशीकडून येतात. जनुके तीच असून रूप वेगळे निघू शकते. टेक्सासमध्ये डिसेंबर 2001 मध्ये जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीची मूळ मांजर तिरंगी होती. पिल्लू निघाले पांढरे-करडे, त्यात नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र मिटलेले, म्हणजे बंद पडलेले, असते, आणि ज्या पेशीपासून क्लोन झाला तिच्यात नेमके नारिंगीचे गुणसूत्र मिटलेले होते. ते मांजर 18 वर्षे जगले, पण ज्यांना आपली जुनी मांजर परत हवी असते, त्यांना ती अशी परत मिळत नाही.

दुधाचे तर रंगाहून अवघड. दुभत्या जनावरांमधल्या दुधाच्या फरकांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश फरक पुढच्या पिढीत उतरणारा असतो. उरलेला मुख्यतः चारा, पाणी, गोठा, आजार, पहिल्या वेताचे वय आणि हाताळणी यांतून येतो. पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत हाताळणी हा शब्द तुम्हाला मी समजावण्याची गरज नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, गाड्यांच्या आवाजात, अनोळखी माणसांच्या गर्दीत पान्हा सोडणारी म्हैस ही जातीचा गुण खरीच, पण ती पारडी असल्यापासून त्या गर्दीत वावरलेली असते. प्रयोगशाळेच्या गोठ्यात, बाटलीच्या दुधावर, परक्या दाईच्या पोटी वाढलेला क्लोन कट्ट्यावर उभा केला तर तो पान्हा चोरणार नाही, याची हमी कोणतेही जनुक देत नाही. तुमच्या म्हशीचे जे दूध तुम्हाला आठवते, त्यात तुमच्या घरातील बायकांचा हातही मिसळलेला आहे.

गुंतवणुकीचे गणितही म्हशीच्या बाजूने नाही. एक म्हैस आयुष्यात आठ-दहा वासरे देते, तर एका सिद्ध रेड्याच्या वीर्याच्या हजारो कांड्या गोठवता येतात. संशोधन संस्थांनी रेड्यांच्या क्लोनवर भर दिला तो यासाठीच, आणि तिथे उपयोग समजण्यासारखा आहे. पण त्यातही एक अडचण आहे. एकाच रेड्याच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या वीर्यकेंद्रांत उभ्या राहिल्या, तर कागदावर चार रेडे दिसतात आणि जनुकांच्या हिशेबात एकच असतो. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या मोजक्या जिल्ह्यांत सांभाळल्या जाणाऱ्या पंढरपुरीसारख्या जातीला असे आकुंचन परवडणारे नाही.

नेमका याच्या उलट वापर मला पटतो. उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसाएवढा प्राणी नामशेष होता होता वाचला, आणि आज जिवंत असलेले जवळपास सगळे फेरेट सात पूर्वजांची संतती आहेत. 'विला' नावाची आठवी मादी वंशज न ठेवता गेली होती, पण तिच्या पेशी 1988 पासून गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांपासून डिसेंबर 2020 मध्ये क्लोन जन्मला, आणि विलाच्याच दुसऱ्या एका क्लोन मादीला 2024 मध्ये पिल्लेही झाली. म्हणजे वंशातून कायमची गळालेली जनुके परत आली. अर्थात हेही दरवेळी साधत नाही : स्पेनमधील बुकार्दो ही रानबकरी 2000 साली नामशेष झाली, 2003 मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि फुप्फुसाच्या दोषाने काही मिनिटांत मेला. तरीही अव्वल जनावराच्या प्रती वाढवण्यापेक्षा हरवलेल्या वंशाची दुरुस्ती करणे हे या तंत्राचे अधिक योग्य काम आहे, असे माझे मत आहे.

माणसाविषयीचा प्रश्न आता फार लांबवण्याची गरज उरत नाही. 277 मागे एक हे प्रमाण, गाभडणे, पाणी साठणे, जन्मून आठवड्यात मरणे, हे सर्व शब्द जनावरांऐवजी बायका आणि बाळे यांना लावून पाहावेत. दुसरे कोणतेही तत्त्वज्ञान मांडले नाही तरी बंदीला तेवढे कारण पुरते. त्याशिवाय जन्मणाऱ्या मुलावर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कोणासारखे तरी होण्याचे ओझे टाकलेले असते, आणि त्याची संमती घेण्याचा प्रश्नच येत नाही. युनेस्कोच्या 1997 च्या मानवी जनुकसंचयाविषयीच्या जाहीरनाम्याने माणसाचे प्रजननासाठी क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरवले, आणि आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मूलपेशी (जिच्यापासून शरीरातील इतर पेशी बनू शकतात अशी पेशी) संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते निषिद्ध केले आहे.

मुलीने या क्षेत्रात पुढे शिकायचे ठरवले तर दोन प्रकरणे तिने मुळातून वाचावीत. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी मानवी क्लोन भ्रूणांपासून मूलपेशी मिळवल्याचे 2004 आणि 2005 मध्ये जाहीर केले. 2006 च्या सुरुवातीला ते निबंध बनावट म्हणून मागे घेतले गेले. पण निबंध खोटे ठरण्याआधी पहिला संशय आला तो निराळ्याच बाबीवर : त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियांची बीजांडे वापरली गेली होती. वरिष्ठासमोर 'नाही' म्हणणे किती अवघड असते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. दुसरे प्रकरण चीनच्या ह जियानक्वी यांचे. 2018 मध्ये त्यांनी भ्रूणाच्या जनुकात बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, हेतू सांगितला एचआयव्हीपासून संरक्षणाचा, आणि पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचे साधे आणि सिद्ध उपाय असताना त्या दोन मुलींच्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या, शरीरात हा बदल कायमचा उतरवला गेला.

मात्र यावरून सगळे जनुकीय संशोधन एकाच तराजूत घालू नये. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी बाहेर काढून, जनुक दुरुस्त करून परत देणे हा त्या रुग्णाच्या देहापुरता उपचार आहे. तो मुलाबाळांत उतरत नाही आणि रुग्ण त्याला हो किंवा नाही म्हणू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील असा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत 2023 च्या अखेरीस मंजूर झाला. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या ज्या आदिवासी कुटुंबांत हा आजार पिढ्यानुपिढ्या आहे, तिथे आजचा अडथळा नैतिक नसून किमतीचा आहे, आणि किंमत कमी कशी होईल यावर डोके लावणे हे मला क्लोनच्या बातम्यांपेक्षा महत्त्वाचे काम वाटते. शिवाय जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये चार जनुकांच्या साहाय्याने साध्या पेशीला मूलपेशीच्या अवस्थेत नेऊन दाखवल्यापासून, उपचारांसाठी मानवी भ्रूणांचे क्लोन करण्याची निकडही बरीच ओसरली आहे.

शेवटी गोठ्यात काय करावे ते. म्हैस गाभण राहत नाही याचा अर्थ तिच्या अंडाशयात बीजांडे नाहीत असा होत नाही. दोष अनेकदा गर्भाशयात असतो. सोनोग्राफी करून घ्यावी. बीजांडे येत असतील तर सुईने ती काढून, चांगल्या पंढरपुरी रेड्याच्या वीर्याने डिशमध्ये फलन करून, दुसऱ्या म्हशीत भ्रूण ठेवता येते. अर्धी जनुके तिची, अर्धी रेड्याची. दाईवरचा भार क्लोनच्या मानाने कितीतरी हलका, आणि जातीतील विविधता कायम. म्हशींच्या जनुकांची तपासणी करणारी चिप ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीम येथे जाहीर झाली आहे. अशा चिपवरून पारडी वेताला येण्याआधीच तिच्या प्रतीचा अंदाज बांधता येतो. हे काहीच जमले नाही, तर तुमच्याकडे तिची एक पारडी आहेच. तिचे रेतन कोणत्या रेड्याने होते, याची नोंद आजपासून वहीत ठेवा आणि मिळेल ती कांडी भरू नका.

आणि तिच्या पेशी मात्र जपून ठेवाव्यात, हे मी आवर्जून सांगतो, मग त्यांचा क्लोन कधी होवो वा न होवो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत देशी जातींच्या वीर्याचा आणि पेशींचा साठा केला जातो. आपल्या पशुवैद्यकांमार्फत तिथे विचारून पाहावे. कानाच्या कडेचा बिल्ल्याच्या भोकाएवढा तुकडा पुरतो, जागा बधिर करून तो काढतात आणि म्हैस पाच मिनिटांत रवंथ करू लागते. ती अचानक गेली तरी घाई-गडबडीत तुकडा फ्रीझरमध्ये टाकू नये, बर्फाने पेशी फुटतात. कान स्वच्छ धुऊन, तुकडा पशुवैद्यकांकडच्या निर्जंतुक द्रावणात घालून, बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि बाटलीवर म्हशीचा बिल्ला क्रमांक, जात, गाव आणि तारीख लिहावी.